मॅनेजरची साखर

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या हिरामणशेठ केणे यांना रक्त बघवत नाही, ही गोष्ट गावात दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको कमळ. बाकी गावाला ठाऊक असलेले हिरामणशेठ वेगळे. वय एकसष्ट, पांढरा कडक शर्ट, गळ्यात बोटभर जाडीची चेन, बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, आणि आवाज असा की शेठ गोडाऊनच्या या टोकाला बोलले की त्या टोकाचा हमाल दचकून गोणी खाली ठेवायचा. बापाने ज्या जमिनीत भात लावला तिथं आता पत्र्याची लांबलचक गोडाऊनं उभी होती. त्यामुळे शेठना एकच काम उरलं होतं. सकाळी नाक्यावर खुर्ची टाकून बसायचं आणि आपल्या गोडाऊनकडे वळणारे ट्रक बघायचे. हे काम ते रविवारीसुद्धा चुकवत नसत.

शेठना नऊ वर्षांपासून शुगर होती. म्हणजे डॉक्टरच्या मते होती. शेठच्या मते ती नऊ वर्षांपूर्वी एकदा आली होती आणि आल्या पावली गेली होती. तपासणीची तारीख ठरली की आधीचे दोन दिवस ते भाकरी आणि कारल्यावर काढत, तपासणीच्या वेळी डोळे घट्ट मिटून हात पुढे करत, आणि रिपोर्टचा कागद खिशात आला की भिवंडीतूनच अर्धा किलो जिलेबी बांधून घेत. पुढे पुढे तेही बंद झालं. "त्या डॉक्टरचं मशीन खराब हाय," असा निकाल देऊन त्यांनी गेली तीन वर्षं कुणाला बोट टोचू दिलं नव्हतं.

घरात त्यांच्याखेरीज आणखी एक जण दिवसभर बसून खायचा. तो म्हणजे बोका. चार वर्षांपूर्वी गोडाऊनमध्ये उंदीर झाले म्हणून हे पिवळं पिल्लू कुणीतरी आणून सोडलं. त्याने उंदीर काही धरला नाही, पण ऑफिसातली फिरती खुर्ची धरली. सकाळी येऊन तिच्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अर्ध्या डोळ्याने बघायचं आणि जो तो आपल्या डब्यातलं काढून देईल ते खायचं. हमालांनी त्याचं नाव 'मॅनेजर' ठेवलं. शेठची सून रीमा, भिवंडीच्या शाळेत शिकवणारी, त्याला घरी घेऊन आली, त्याचं ऑपरेशन करून आणलं, आणि मग मॅनेजरला तीन मजली बंगला मोकळा झाला. शेठच्या ताटातली बोंबलाची काटेरी शेपूट त्याची, दुधावरची साय त्याची, सोमवारी मासळी नसली की दूध-भात त्याचा, आणि या सगळ्यावर दुकानातलं कोरडं खाणं परातीत दिवसभर उघडं. बोका साडेआठ किलोचा झाला. आलेल्या पाहुण्याला शेठ त्याला दोन्ही हातांनी उचलून दाखवत. "बघा, आमच्या घरात मांजर बी उपाशी न्हाय."

मग एका उन्हाळ्यात बोका पाणी प्यायला लागला. वाटीतलं, बादलीतलं, झाडांच्या कुंडीखालच्या बशीतलं. जेवढं प्यायचा तेवढं घरभर करून ठेवायचा. एके दिवशी शेठच्या नव्या बुटात केलं. खाणं दुप्पट, आणि अंग मात्र उतरत चाललेलं. पुढे तर तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून, म्हाताऱ्यासारखा फरफटत चालायला लागला.

"नजर लागली," शेठ म्हणाले.

"नजर न्हाय, आजारी हाय," कमळ म्हणाली. "चला ठाण्याला."

कमळचे गुडघे दोन वर्षं दुखत होते आणि ठाण्याला जायला शेठना सवड झाली नव्हती. बोक्यासाठी त्याच दुपारी मोठी पांढरी गाडी निघाली. कमळने बोक्याला टोपलीत घातलं. टोपली मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. रीमाही शाळेतून परस्पर आली.

प्राण्यांची डॉक्टर नेत्रा तिशीतली, कमी बोलणारी बाई होती. तिने रक्त तपासलं, लघवी तपासली आणि सांगितलं, "याला मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्शुलिन द्यावं लागेल. आणि साखर घरीच मोजावी लागेल. इथे आणलं की मांजर घाबरतं, घाबरलं की साखर चढते, आणि मला खोटा आकडा मिळतो."

खोट्या आकड्याबद्दल शेठना बरीच माहिती होती.

"घरी कोण मोजणार?" डॉक्टरने विचारलं, आणि विचारताना तिने कमळकडे बघितलं.

शेठना ते लागलं. घराचा कर्ता समोर बसलाय आणि बाई कुणाला विचारते? कमळने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मी. आपला शब्द हाय."

कमळने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचे बरेच शब्द बघितले होते.

डॉक्टरने करून दाखवलं. आधी कोमट फडक्याने कान शेकायचा, म्हणजे रक्त उतरतं. कानामागे कापूस धरायचा. कडेला बारीकशी सुई टोचायची. मोहरीएवढा थेंब आला की मशीनची पट्टी त्याला लावायची. पाच सेकंदांत आकडा. खाल्ल्याशिवाय इन्शुलिन नाही, साठच्या खाली आकडा म्हणजे धोका, आणि सगळं वहीत लिहायचं. हे चालू असताना शेठ भिंतीवरच्या चित्रातल्या कुत्र्याचं निरीक्षण करत होते.

"समजलं?"

"शंभर टक्के," शेठ कुत्र्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ओटीवर पहिला प्रयोग झाला. कमळने बोक्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. शेठनी गोडाऊनमधून वेल्डिंगचे चामडी हातमोजे मागवले होते. त्यात सुई धरता येईना म्हणून ते काढले. चष्मा लावला. मग रक्त दिसू नये म्हणून चष्मा काढला. बोका शांत होता. शेठनी श्वास रोखला, डोळे मिटले आणि टोचलं. सुई कानाच्या बाजूने, कापसातून आरपार, त्यांच्याच अंगठ्यात गेली.

त्यांनी डोळे उघडले. अंगठ्यावर मोहरीएवढा लाल थेंब. शेठ "आये गो" म्हणाले आणि भिंतीला पाठ घासत खाली बसले. बोका उडी मारून सोफ्याखाली गेला. कमळ आधी बोक्याला बघायला गेली. मग पाण्याचा तांब्या घेऊन नवऱ्याकडे आली.

"द्या इकडं. मी करते," ती म्हणाली.

"न्हाय! मी शब्द दिलाय," शेठ जमिनीवरूनच म्हणाले.

त्यांच्या बाजूने एवढं मान्य करायला हवं की ते शिकले. पंधरा दिवस लागले, हातावर ओरखड्यांचे नकाशे उमटले, पण शिकले. थेंबाकडे सरळ न बघता तिरक्या नजरेने बघायची एक युक्ती त्यांना सापडली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. कोमट फडकं कानाला लागलं की बोका त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून घुरघुरायला लागायचा. ते वजन गुडघ्यावर आलं की शेठ बोलायचे थांबत. दिवसातली तेवढी तीन-चार मिनिटं बंगल्यात शांतता असायची.

बाकीचा दिवस मात्र ते फक्त बोलत. रीमाने त्यांचा कान टोचतानाचा व्हिडिओ काढला आणि तो गावच्या ग्रुपवर गेला. मग काय विचारता! नाक्यावर कुणी "कसं काय शेठ?" म्हटलं की उत्तर यायचं, "आज दोनशे चाळीस." ट्रकवाल्यांना थांबवून ते सांगत की शुगर हा शिस्तीचा आजार आहे, खाण्यावर ताबा पाहिजे. हे सांगताना त्यांच्या एका हातात वडापाव असायचा. समोरचा वडापावकडे बघतोय हे लक्षात आलं की म्हणत, "आपलं येगळं. आपली बॉडी येगळी."

एका गुरुवारी मात्र त्यांना कुतूहल आवरलं नाही. अकराची वेळ होती, कमळ देवळात गेलेली, रीमा शाळेत. शेठ मशीन घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली, नळ सोडला आणि तिरक्या नजरेने स्वतःचं बोट टोचलं. पाच सेकंदांनी आकडा आला. चारशे बारा.

ते बराच वेळ कमोडच्या झाकणावर बसून राहिले. मग त्यांचं डोकं चालायला लागलं. हे मशीन मांजराचं. मांजर सात किलोचं. आपण ब्याण्णव किलोचे, म्हणजे तेरा मांजरांएवढे. तर आकड्याला तेराने भागायला नको का? त्यांनी मोबाईलवर भागलं. एकतीस! आणि साठच्या खाली धोका असं ती डॉक्टर म्हणाली होती. शेठ घाईघाईने बाहेर आले आणि साखर आणखी उतरू नये म्हणून फ्रिजमधले दोन पेढे उभ्या उभ्या खाल्ले. वहीत अर्थातच काही लिहिलं नाही.

याच सुमारास पडघ्याच्या बाजूला टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा भरल्या. भरवणारा नामा भोईर घरी आला. त्याने मोबाईलवर बॅनर दाखवला. एका कोपऱ्यात शेठचा गॉगल लावलेला फोटो, मांडीवर मॅनेजर, आणि खाली ठळक अक्षरात: प्राणीमित्र हिरामणशेठ केणे.

"यंदा अध्यक्ष तुमी," नामा म्हणाला. "मांजराचं येवढं करतं कोन? लोकांना आदर्श पायजे."

शेठनी बॅनर दोन बोटांनी मोठा करून बघितला. प्राणीमित्र! उद्योजक झालं होतं, समाजसेवक झालं होतं, दानशूरही एकदा झालं होतं. हे नवीन होतं.

अडचण एवढीच होती की स्पर्धेचा रविवार आणि डॉक्टर नेत्राने सांगितलेला रविवार एकच होता. तिला त्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर दोन तासांनी साखर मोजून हवी होती. इन्शुलिन दिल्यावर साखर किती खाली उतरते ते बघून ती डोस ठरवणार होती. कमळला नेमकं माहेरी, कशेळीला, भाचीच्या बाळाच्या बारशाला जायचं होतं.

"मी बारसं सोडते," ती म्हणाली. "ह्ये दोन-दोन तासाचं काम तुमाला जमनार न्हाय."

"तू जा गो! मी हाय ना. दिवसभर घरीच हाय मी," शेठ म्हणाले. त्यांनी स्पर्धेचं नाव काढलं नाही. कमळ रीमाला घेऊन गेली. शेठनी सातला मोजलं. तीनशे दहा. बोक्याला खायला घातलं, इन्शुलिन दिलं, गॉगल लावला आणि साडेआठला पडघ्याकडे निघाले.

दिवस झकास गेला. ढोल वाजले, शेठनी नाणेफेक केली, माईकवरून वीस मिनिटं भाषण केलं. मुक्या जिवाला शब्द देऊन मागे हटू नये, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. बंगल्यात मॅनेजर सोफ्यावर एकटा झोपला होता.

संध्याकाळी, कमळ परतायच्या आत, ते घरी आले तेव्हा साडेसात वाजले होते, आणि वहीत नऊ, अकरा, एक, तीन, पाच आणि सात असे सहा रकाने रिकामे होते. शेठनी पेन घेतलं. हे काम त्यांना नवं नव्हतं. आकडे फार चांगले दाखवले की डॉक्टरला संशय येतो, हा त्यांचा नऊ वर्षांचा अनुभव. म्हणून त्यांनी जरा वाईटच लिहिले. दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे पाच, दोनशे नव्वद, तीनशे बारा, तीनशे, तीनशे आठ. मध्ये एक खाडाखोडसुद्धा केली, खरं वाटावं म्हणून. पानाचा फोटो काढून डॉक्टरला पाठवला, आणि संध्याकाळचं इन्शुलिन देऊन जेवायला बसले.

डॉक्टर नेत्राने बघितलं की दिवसभरात साखर जराही उतरलेली नाही. म्हणजे औषध कमी पडतंय. तिने डोस दोन युनिटचा तीन केला.

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास कमळ कपडे काढायला मागच्या पडवीत गेली. वॉशिंग मशीनमागे काहीतरी खडखडत होतं. तिने वाकून बघितलं. मॅनेजर आडवा पडला होता, चारही पाय ताठ, तोंडातून लाळ, आणि सगळं अंग थडथडत पत्र्यावर आपटत होतं.

तिने हाक मारली नाही. हाक मारून शेठ येतील आणि मग शेठनाच सांभाळावं लागेल, हे तिला माहीत होतं. तिने बोक्याला उचललं, आत आणलं, कान तळहातात चोळून गरम केला आणि टोचलं. तिने हे आधी कधी केलं नव्हतं. पण आठ वर्षांची असल्यापासून तिने खाडीची मासळी साफ केली होती. थेंब पहिल्याच टोचण्यात आला. आकडा आला चौतीस. तिने डॉक्टरला फोन लावला.

"मध आहे घरात? तोंडात ओतू नका, हिरड्यांना चोळा," डॉक्टर म्हणाली. "आणि तसंच चोळत चोळत लगेच घेऊन या."

आता कमळने हाक मारली. दुपारची झोप अर्धवट सोडून शेठ आले, बोक्याला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? सकाळी तर चांगला व्हता!"

"गाडी काढा," कमळ म्हणाली. मधाची बाटली, मशीन आणि वही तिने पिशवीत टाकली होती.

कशेळीच्या पुलाच्या अलीकडे रस्ता बंद होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे टेम्पो, आणि सगळे गोडाऊनचा माल घेऊन थिजलेले. त्यातले काही शेठच्याच गोडाऊनकडे निघालेले असणार. एरवी अशी रांग बघून शेठची छाती फुगायची. आज त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. मग दार उघडून ते रस्त्यावर उतरले आणि पुढच्या ट्रेलरच्या दारावर थापा मारायला लागले.

"भाईसाब, साईड लो! पेशंट है गाडी में!"

"सब को जल्दी है, सेठ," ड्रायव्हर वरून म्हणाला. "कौन है पेशंट?"

शेठच्या तोंडातून जे नाव रोज निघायचं तेच निघालं. "मॅनेजर है! एकदम सीरियस है!"

ड्रायव्हरचा चेहरा बदलला. "कौन से गोडाऊन का मॅनेजर?"

"मेरे गोडाऊन का! अरे, झटका आया है उसको!"

एवढं पुरलं. ड्रायव्हरने पुढच्याला ओरडून सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. बघता बघता रांगभर बातमी गेली की वळच्या गोडाऊनचा मॅनेजर ॲटॅक येऊन गाडीत पडलाय. एकाने अर्धा ट्रेलर कच्च्यात उतरवला. दुसऱ्याने टेम्पो मागे घेतला. दोघेजण खाली उतरून हाताने वाट करून देऊ लागले. पांढरी गाडी त्या फटीतून निघाली तेव्हा एका म्हाताऱ्या क्लीनरने आत डोकावून हात जोडले. आत त्याला फक्त कमळ दिसली, मांडीवर टॉवेलाचं गाठोडं घेऊन काहीतरी चोळत बसलेली. शेठनी खरं सांगायला तोंड उघडलं नाही, आणि कमळला तेवढी फुरसत नव्हती.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर नेत्रा बोक्याच्या पंज्यावर हात ठेवून उभी राहिली. थरथर हळूहळू थांबली. पाऊण तासाने मॅनेजरने डोकं उचललं, सगळ्यांकडे अर्ध्या डोळ्याने बघितलं आणि पुन्हा खाली ठेवलं. शेठनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. तोंडापेक्षा डोळे जास्त पुसले.

"आता मशीन द्या," डॉक्टर म्हणाली. "इतकी साखर उतरायला नको होती. रविवारी तर तीनशेच्या खाली फारशी जात नव्हती."

तिने मशीनवरची बटणं दाबत मागचे आकडे बघायला सुरुवात केली. मशीनमध्ये आकडे साठून राहतात, तारीख आणि वेळेसकट, हे शेठना त्या क्षणी कळलं.

"रविवार सकाळी सात, तीनशे दहा," ती वाचत होती. "मग... थेट सोमवार सकाळ." तिने वही उघडली. मग शेठकडे बघितलं. "मधले सहा कुठून आले?"

"मशीन इसरलं असंल," शेठ म्हणाले.

"मशीन विसरत नाही."

कमळ नवऱ्याकडे बघत होती. रविवारचा बॅनर तिने येता-जाता नाक्यावर बघितला होता, पण तारीख वाचली नव्हती. आता तिच्या डोक्यात ती तारीख जागेवर बसली.

"भाषन करायला गेले व्हते," ती डॉक्टरला म्हणाली. "मुक्या जनावरावर."

डॉक्टर पुन्हा मशीनकडे वळली. "आणि हा एक आकडाही वहीत नाही. गुरुवार, सकाळी अकरा. चारशे बारा. हा मॅनेजरचाच ना? कारण असा मधेच चढत असेल तर मला सगळा डोस नव्याने बसवावा लागेल."

शेठसमोर सोपी वाट होती. "हो" म्हणायचं. बोका काही नाही म्हणणार नव्हता. त्यांची सगळी हयात अशाच वाटेने गेली होती. पण टेबलावर बोक्याच्या पायात सुई होती, नळीतून थेंब थेंब पडत होतं, आणि आता आपण "हो" म्हटलं तर त्याचं पुढे काय होईल, हे त्यांना तासाभरापूर्वी दिसलं होतं.

"तो माजा हाय," ते म्हणाले.

"तुमचा?"

"माजी शुगर. पन भागिले तेरा करायचं. मी केलं. एकतीस आली."

डॉक्टर नेत्राने ओठ घट्ट मिटले आणि काही क्षण खिडकीबाहेर बघितलं. मग ती वळून म्हणाली, "हे मशीन मांजराच्या रक्तासाठी आहे. माणसाचा आकडा यात बरोबर येत नाही."

"म्हंजे कमी असंल?" शेठचा चेहरा उजळला.

"काय असेल ते माणसांचा डॉक्टर सांगेल. उद्या सकाळी, उपाशी पोटी. आणि भागायचं नसतं."

"मी नेते त्यांना," कमळ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेठ भिवंडीत रक्त द्यायला गेले असताना तीन ट्रक ड्रायव्हर हार घेऊन गोडाऊनवर आले आणि मॅनेजरसाहेब कधी गेले, म्हणून विचारू लागले. गोडाऊनचा खरा, दोन पायांचा मॅनेजर जिवंत समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्यांचा गोंधळ उडाला. हार वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो त्यालाच घातला.

शेठचा रिपोर्ट यायचा तो आला. दोन दिवस कारलं खायला वेळच मिळाला नव्हता, त्यामुळे नऊ वर्षांत पहिल्यांदा कागदावर खरं छापून आलं. माणसांच्या डॉक्टरने चष्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं की तुम्ही इथपर्यंत चालत आलात का. गोळ्या वाढल्या, इन्शुलिन लागलं, आणि घरी रोज साखर मोजायला माणसांचं मशीन घ्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून बंगल्यात दोन मशीनं आणि दोन वह्या झाल्या, आणि चारही वस्तू कमळच्या ताब्यात गेल्या. परातीतलं कोरडं खाणं बंद झालं, दूध-भात बंद झाला, बोक्याला डॉक्टरने सांगितलेलं डब्यातलं खाणं मापून सुरू झालं. फ्रिजमधले पेढे कुठे गेले ते शेठना कळलं नाही. सकाळी सातला कमळ आधी बोक्याला मांडीवर घ्यायची. फडकं, कापूस, थेंब, आकडा. तो हलायचा नाही. मग ती वळायची आणि म्हणायची, "या. बोट द्या." शेठ डोळे मिटून, खांदे आवळून बोट द्यायचे आणि सुई लागायच्या आधीच ओरडायचे.

"आधी त्याचं कशाला?" एकदा त्यांनी विचारलं. "घरात मालक कोन हाय?"

"तो खोटं बोलत न्हाय," कमळ म्हणाली. "त्याचं लवकर उरकतं."

कमळच्या गुडघ्यांना मात्र या भानगडीत डॉक्टर मिळाला. आठवड्याला ठाण्याची फेरी होतेच आहे, तर बोक्याला दाखवून झालं की पलीकडच्या इमारतीत हाडांच्या डॉक्टरकडेही जाऊन येऊ, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. शेठ दोन्हीकडे बाहेर बाकड्यावर बसायचे.

पाच महिन्यांनी डॉक्टर नेत्राने वही बघितली आणि मॅनेजरचं इन्शुलिन बंद केलं. वेळेत धरलं आणि खाणं सुधारलं की काही मांजरांचं असं होतं, ती म्हणाली, पण मोजत राहायचं. बोक्याचे मागचे पाय पुन्हा सरळ पडू लागले होते. शेठचे आकडे निम्म्यावर आले होते, पण त्यांचं इन्शुलिन काही सुटलं नाही. परतीच्या वाटेवर ते अंजूरफाट्याच्या जवळ आल्यावर म्हणाले, "ते डब्यातलं खानं मना बी चालंल का, विचारायला पायजे व्हतं."

नाक्यावर त्यांनी हार मानली नाही. बोका बरा झाला ही बातमी त्यांनीच पसरवली, आणि सांगता सांगता बरा करणारेही तेच झाले. पुलावरची हकीगत तर इतकी रंगली की तिच्यात कमळ उरलीच नाही. शेठ एका हाताने गाडी चालवतात आणि दुसऱ्या हाताने मध चोळतात, एवढंच राहिलं.

त्याचा परिणाम असा झाला की एका संध्याकाळी गावातली ठमाबाई तिची करडी मांजर मासळीच्या पाटीत घालून बंगल्यावर आली. "शेठ, जरा बघा न. पोट सुटलंय हिचं. सारखं खायला मांगते, सारखी झोपते. हिला बी तुमचा आजार झाला काय?"

शेठनी चष्मा लावला. पाटीभोवती एक फेरी मारली. मांजरीच्या डोळ्यात बघितलं, शेपटी उचलून बघितली, आणि गंभीर झाले. "शुगर. शंभर टक्के. खानं कोन देतं हिला? भात? बंद करायचा. दर दोन तासानं मोजायला लागंल. हा शिस्तीचा आजार हाय, ठमाबाई. मी सोता..."

ठमाबाईने पदर तोंडाला लावला. तिचे डोळे भरून आले.

आतून कमळ हात पुसत आली. तिने पाटीशेजारी बसकण मारली, मांजरीच्या पोटावर हात ठेवला, बोटांनी जरा दाबून बघितलं आणि हात तसाच ठेवून थोडा वेळ थांबली.

"टोचू काय?" शेठनी विचारलं. ते मशीनची पेटी घेऊन तयार होते.

"कोनाला?" कमळ म्हणाली. "ही गाभन हाय. तीन तरी हायत, चौथं बी असंल." ती ठमाबाईकडे वळली. "भात देत ऱ्हा. थोडी मासळी बी दे. आठ दिवसांत मोकळी व्हईल."

ठमाबाई रडता रडता हसायला लागली. तिने पाटी उचलली, शेठकडे एकदा बघितलं आणि हसू आवरत फाटकातून बाहेर पडली.

शेठनी पेटीचं झाकण लावलं. "मी तेच बोलनार व्हतो," ते कमळला म्हणाले. "पन बाईमानूस, एकदम सांगितलं तर घाबरंल, म्हनून शुगरपास्नं सुरुवात केली."